वस्तादाचे पोट

दिवाळीच्या तोंडावर व्यायामाचा विषय काढणे म्हणजे चकलीचा सोऱ्या हाती घेतलेल्या गृहिणीला वजनकाट्यावर उभे करणे, हे मी जाणते. तरीही वाचकहो, दोन चकल्या तोंडात टाका आणि माझे गाऱ्हाणे ऐका. ते चकली खाणाऱ्यांच्याच बाजूचे आहे.

आमच्या गव्हाणच्या आसपास आता भातखाचरे शोधावी लागतात. शेजारी उलवे उभे राहिले, २०२५ साली विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि इमारतींच्या तळमजल्यावर वाण्याच्या दुकानांसारखी जिमे निघाली. अशाच एका जिममध्ये आमच्या गावची एक बाई प्रशिक्षकाची जागा मागायला गेली. वय त्रेचाळीस, दोन बाळंतपणे झालेली, अंगाने चांगली भरलेली. रीतसर अभ्यास करून, परीक्षा देऊन तिने प्रमाणपत्र मिळवलेले. तिथल्या व्यवस्थापकाने तिला नखशिखान्त न्याहाळले, कागद उघडलासुद्धा नाही, आणि दारातल्या टेबलावर नावे लिहून घेण्याची नोकरी देऊ केली. "मॅडम, गिऱ्हाईक आधी बॉडी बघतं," असे वर ऐकवले.

बघते ना! गिऱ्हाईक हलवायाचेही पोट बघते. पण तिथे मोठे पोट ही जाहिरात ठरते. मुद्दा असा की, शरीर कमावणे ही एक विद्या आणि दुसऱ्याचे शरीर घडवणे ही निराळी. रमाकांत आचरेकरांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे, १९६३-६४ च्या हंगामातला. त्यांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, आणि त्यांच्या हाताखालून सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण अमरे बाहेर पडले. शिवाजी पार्कवर त्यांना कोणी "आधी तुमच्या धावा दाखवा" म्हटले असते, तर नुकसान कोणाचे झाले असते? तिथेच समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांना मल्लखांब शिकवला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मल्लखांब कोणाच्या अंगाला शोभतो याचा साचा त्यांनी मानला असता, तर ती मुले खांबाखालीच बसून राहिली असती.

माझेच पाहा. माझे शिक्षण मॅट्रिक. बालवर्गाला शिकवते, कादंबऱ्या लिहिते, आणि दोन्हीकडे कोणी ना कोणी माझी पदवी विचारतोच. मुले मात्र अजून विचारत नाहीत. त्यांना अक्षर गिरवता आले की झाले.

"पण जिला स्वतःचे वजन उतरवता आले नाही, ती दुसऱ्याचे काय उतरवणार?" असे कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. पण व्यायाम हा वजन उतरवण्यासाठीच असतो, हे कोणी ठरवले? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला, आणि पासष्टीपुढच्यांना तीन दिवस तोल सावरण्याचा सरावही. त्यात दंडाच्या बेटकुळ्यांचा उल्लेख नाही.

त्या बाईने टेबल नाकारले आणि आपल्याच गच्चीवर सकाळी वर्ग काढला. आज आठ बायका येतात. त्यांतल्या एका आजींना देवपूजा आटोपल्यावर पाटावरून उठायला नातवाचा हात लागे. बाईने त्यांना पहिल्या दिवशी उठाबशी सांगितली नाही. उंच खुर्ची भिंतीला टेकवली आणि हात न टेकता पाचदा उठायला-बसायला लावले. पंधरवड्याने खुर्ची बदलून बुटकी आणली, पुढे चौरंग. गुडघा आत वळला की ती लगेच थांबवते. चार महिन्यांनी आजी पाटावरून आपल्या आपण उठल्या. जिमच्या दारावरच्या त्या पिळदार तरुणाचे चित्र पाहून या आजी आत शिरल्या असत्या काय? त्यांनी पदर सावरून रस्ता ओलांडला असता! बाईकडे मात्र त्या बिनधास्त आल्या, कारण ती त्यांच्यासारखीच दिसते, आणि जिना चढताना गुडघा कुठे बोलतो हे तिला सांगावे लागत नाही.

व्यवस्थापक महाशयांना हे पटेल असे नाही. त्यांचा आरसा मोठा आहे आणि भाडेही. पण आमच्या गावच्या पुरुषमंडळींना एक विचारते. बायको गच्चीवर व्यायामाला निघाली की तुम्ही हसता, आणि मुलाच्या जिमचे वर्षाचे पैसे एकरकमी भरता. बाईची फी महिना तीनशे रुपये आहे. ती थकवलेली दोन घरे मला ठाऊक आहेत. भाऊबिजेच्या आत पोचती करावी.