विषाणूला रंग नव्हता, मृत्यूला होता

‘कोरोना जात-धर्म पाहत नाही,’ असे २०२०मध्ये आपण रोज ऐकत होतो. अमेरिकेतील आकड्यांनी या वाक्यातला फोलपणा उघडा पाडला. शिकागो शहरात कृष्णवर्णीय जेमतेम ३० टक्के. पण एप्रिल २०२०च्या सुरुवातीला तिथल्या कोरोनाबळींमध्ये ते सुमारे ७० टक्के होते. त्या एका वर्षात देशभरातील गोऱ्यांचे सरासरी आयुर्मान साधारण दीड वर्षाने घटले, तर कृष्णवर्णीयांचे सुमारे तीन वर्षांनी.

याचे कारण रक्तात नाही, व्यवस्थेत आहे. बस चालवणाऱ्यांना, रुग्णालयात साफसफाई करणाऱ्यांना घरून काम करता येत नव्हते. आणि अशा कामांत कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने आहेत. त्यात दाटीवाटीची घरे, आरोग्य विम्याचा अभाव, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंचनेतून आलेला मधुमेह आणि रक्तदाब. उपकरणेसुद्धा तटस्थ नव्हती. रक्तातला ऑक्सिजन धोक्याच्या पातळीला गेला तरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तो ठीक दाखवतो, असे कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा घडत होते. मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी डिसेंबर २०२०मध्ये हे मांडले.

हे सारे कळले, कारण वंशनिहाय नोंद होती. तीही सहज मिळाली नाही. नागरी हक्क संघटना आणि लोकप्रतिनिधींनी रेटा लावला. न्यूयॉर्क टाइम्सला सरकारी माहितीसाठी न्यायालयात जावे लागले.

आपल्याकडे काय झाले? मुंबईत जुलै २०२०च्या पाहणीत तीन विभागांतील झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले, झोपडपट्टीबाहेर १६ टक्के. वस्ती मोजली म्हणून दरी दिसली. जात मात्र मोजली गेली नाही. सफाई कामगार कोणत्या समाजांतून येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या समाजांतले किती जण गेले, हे सरकारी आकडे सांगत नाहीत.

जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला. त्यातून आपली संख्या कळेल. आपण कशाने आणि किती लवकर मरतो, हे कळायला आरोग्याच्या व मृत्यूच्या नोंदींतही जात हवी. रुग्णालयात जात विचारली तर भेदभाव वाढेल, ही भीती खरी आहे. म्हणून ही माहिती उपचार करणाऱ्यांपासून दूर, नावाविना ठेवण्याचा नियमही आपण मागितला पाहिजे.

१९७२मध्ये दलित पँथरने ज्यांच्यावरून नाव घेतले, त्या ब्लॅक पँथरने आपल्या वस्त्यांत मोफत दवाखाने चालवले, सिकलसेलच्या तपासण्या केल्या. विदर्भात हाच आजार आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो. तेव्हा सरकारकडे मागणी करतानाच विहाराविहारांत तपासणी शिबिरे सुरू करू आणि त्यांची नीट वही ठेवू. पुढच्या साथीत ‘पुरावा कुठे आहे?’ असे कोणी विचारले, तर दाखवायला आपल्याकडे काहीतरी असेल.