नेम बरोबर, स्क्रू सैल

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 1 ऑगस्ट 2024 ला स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं आणि राधानगरी तालुक्यातली कांबळवाडी एका दुपारी सगळ्या राज्याला पाठ झाली. खाशाबा जाधवांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक पदक! नंतर रील्सचा जो पूर आला त्यात रेल्वेतली नोकरी होती, धोनीसारखं थंड डोकं होतं. सगळं खरंच. पण त्याच्या हातातल्या रायफलबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. नेमबाजी म्हणजे मनाचा खेळ हे आपण ठरवूनच टाकलंय. त्यामुळे नेम चुकला की निकालही तयार असतो: ‘प्रेशर झेपलं नाही.’

हाच निकाल टोकियोत मनू भाकरच्या वाट्याला आला होता. 25 जुलै 2021, 10 मीटर एअर पिस्तूल, पात्रता फेरी. मध्येच पिस्तूल बिघडलं. दुरुस्तीत पंधराएक मिनिटं गेली आणि उरलेले शॉट घाईत मारावे लागले. गुण 575, क्रमांक बारावा. फायनल हुकली ती दोन गुणांनी. त्या दिवशी सोशल मीडियावर तिच्या ‘टेम्परामेंट’वर जेवढं लिहिलं गेलं, त्याच्या एक टक्काही पिस्तुलावर नाही. याच मुलीने तीन वर्षांनी पॅरिसमध्ये दोन ब्राँझ आणली.

पिस्तूल बंद पडलं तर निदान दिसतं तरी. रायफलचा साइट सैल झाला तर काहीच दिसत नाही. आवाज तोच, ट्रिगर तोच, फक्त गोळी दुसरीकडे. ऑलिम्पिकच्या रायफलवर दुर्बीण चालत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तिथे मागे बारीक भोकाचा पीप साइट आणि पुढे गोल रिंग असते. मागचा साइट 11 मिलिमीटरच्या रेलवर स्क्रूने आवळलेला असतो, आणि प्रवासाला जाताना बरेच जण तो काढून पेटीत ठेवतात. म्हणजे प्रत्येक स्पर्धेआधी तो परत बसवायचा.

आता थोडं गणित, बारावीचंसुद्धा नाही. मागचा आणि पुढचा साइट यांच्यात 80 सेंटीमीटर अंतर आहे असं धरा. मागचा साइट फक्त 0.1 मिलिमीटर सरकला, साधारण कागदाच्या एका पानाएवढा. 10 मीटरवर गोळी सव्वा मिलिमीटर सरकणार. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि दर पाव मिलिमीटरला 0.1 गुण. म्हणजे एका शॉटला अर्ध्या गुणाचा फटका बसू शकतो, आणि पात्रता फेरीत असे 60 शॉट असतात. ज्या खेळात फायनलचं तिकीट दशांशावर कापलं जातं, तिथे हा खड्डा केवढा ते तुम्हीच बघा.

कॉलेजच्या पोरांचा किस्सा वेगळा असतो. .177 बोअरच्या, ठरलेल्या ऊर्जा-मर्यादेतल्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही, म्हणून अनेक जण स्प्रिंगवाली रायफल घेतात आणि वर स्वस्तातली दुर्बीण चढवतात. गंमत म्हणजे स्प्रिंगची रायफल दोन झटके देते. पिस्टन पुढे धावताना रायफल मागे येते, पिस्टन टोकाला आदळला की पुढे उसळते. साध्या बंदुकीसाठी बनवलेल्या दुर्बिणीला एकाच दिशेचा धक्का सोसायची सवय. हा दुसरा झटका तिच्या आतल्या भिंगांना हलवतो आणि रेलवरचा माउंट इंच इंच मागे ढकलतो. म्हणून स्टॉप पिन असलेला माउंट घ्यायचा. रुंद रेलचा माउंट 11 मिलिमीटरवर बसवायचा जुगाड तर करूच नका.

टार्गेटचा कागद वाचता आला तर अर्धं निदान तिथेच होतं. सगळी छिद्रं एकत्र पण केंद्रापासून दूर असतील, तर साइट एकदाच हललाय. क्लिक फिरवून भागेल. छिद्रांचे दोन वेगळे पुंजके दिसले तर काहीतरी दोन जागांमध्ये उड्या मारतंय. स्क्रू नाहीतर दुर्बिणीचं आतलं काहीतरी. पुंजका दर दहा शॉटनंतर एकाच दिशेला चालत निघाला असेल, तर माउंट सरकतोय. आणि छिद्रं चहूकडे विखुरलेली असतील तर मग हात, श्वास, पेलेट असं सगळंच संशयित.

आपण नेमकं उलट करतो. पहिला शॉट डावीकडे गेला की क्लिक उजवीकडे, पुढचा उजवीकडे की परत डावीकडे. अर्ध्या तासात मूळ कुठे होतं तेच विसरायला होतं. त्याऐवजी क्लिकला हात लावू नका. रायफल रिकामी करा, साइट धरून हलवून बघा. माउंट काढा, रेलवरचं तेल पुसा, स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा (एकाच बाजूने पिळलात तर दुर्बिणीची नळी चेपते). माउंट आणि रेलवर मिळून पेन्सिलची एक रेघ ओढा. रायफल टेकवून, एकाच डब्यातल्या पेलेटने दहा शॉट मारा. रेघ तुटली? चोर सापडला. नाही तुटली तर दुसरा साइट लावा, मग दुसऱ्याच्या हातात रायफल द्या. एका वेळी एकच बदल.

हे निदान सैन्यालाही सोपं जात नाही बरं का. 2015 मध्ये जर्मनीच्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांनी जी-36 रायफल तापली की नेम ढळतो म्हणून तिला सध्याच्या रूपात भविष्य नाही असं जाहीर केलं. हेकलर अँड कोख कंपनीने आरोप नाकारले, दारूगोळ्यावरही बोट ठेवलं गेलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि 2016 मध्ये कोब्लेंझच्या कोर्टाचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

आपल्याकडचा प्रश्न कोर्टाचा नाही, माणसाचा आहे. राष्ट्रीय शिबिरात बंदुका दुरुस्त करणारा आर्मरर असतो. सकाळच्या बॅचला क्लबची कॉमन रायफल वापरणाऱ्या एफवायच्या मुलीला कोण असतं? तिच्या आधीच्या मुलाने स्वतःच्या डोळ्याप्रमाणे क्लिक फिरवलेले, त्याच्या आधीच्याने स्क्रू अर्धवट सोडलेला. ती महिनाभर 9.2 मारते आणि तिला सांगितलं जातं, मेडिटेशन कर. माझ्या मते प्रशिक्षणाची फी घेणाऱ्या प्रत्येक रेंजवर दर रायफलमागे एक वही असायला हवी: साइट कधी काढला, कोणी बसवला, क्लिक किती. शंभर रुपयांचा खर्च. या वर्षी रेंजवर नाव घालणार असाल, तर फी भरायच्या आधी ती वही मागून बघा.