बियाण्याची फाईल उघडा



ज्वारी पेरायला कोणाचे परमिट लागत नाही. मृगाचा पाऊस पडला, वाफसा आला, की तिफण धरायची. कापसाचे तसे राहिलेले नाही. जनुक बदललेले कोणते बी आपल्या काकरीत पडायचे, हे दिल्लीतली एक समिती पाहते. कायदा १९८६ चा, पर्यावरण संरक्षणाचा. त्याखालचे नियम १९८९ चे. त्या नियमांतून आलेली ही जनुकीय अभियांत्रिकी समिती. २०१० साली तिच्या नावातली 'मान्यता' गेली आणि 'मूल्यांकन' आले. पाटी बदलली, फाईलची दोरी तशीच बांधलेली राहिली.

कंपनी किंवा विद्यापीठ अर्ज करते. चाचण्या होतात, कागद जमतात, समिती बसते. बैठकीचे इतिवृत्त संकेतस्थळावर येते, इंग्रजीत. त्यात निर्णय असतो. ज्या चाचण्यांवर निर्णय झाला त्यांचे मूळ कागद मात्र मागावे लागतात, आणि मागूनही सहज मिळत नाहीत. पेरणारा आपण, कर्ज काढणारा आपण, बुडालो तर बुडणारेही आपणच. आणि अर्ज कुठवर आला हे विचारले तर तालुक्याचा कृषी अधिकारीही वर बोट दाखवतो.

या अंधाराची किंमत कोण देतो ते पाहा. २००१ साली गुजरातेत परवानगी न मिळालेला बीटी कापूस शेतात उभा सापडला. सरकारने पीक नष्ट करण्याचा हुकूम काढला. शेतकरी आडवे झाले, शरद जोशी त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे काही महिन्यांतच, २६ मार्च २००२ रोजी, बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना परवानगी मिळाली. आदल्या हंगामात जाळायला निघालेली चीज दुसऱ्या हंगामात दुकानात आली.

तणनाशक सहन करणाऱ्या कापसाचे तेच झाले. निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, म्हणून लोकांना हे बी हवे होते. परवानगीचा अर्ज कंपनीने २०१६ साली मागे घेतला. भांडण सरकार आणि कंपनी यांचे, तंत्रज्ञानाच्या परवान्यांवरून. त्यात आपल्याला कोणी विचारले नाही. बी मात्र चोरवाटेने गावोगाव पोचले. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात अकोली जहागीर येथे शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरले आणि गुन्हे अंगावर घेतले.

चोरवाटेच्या बियाण्याला पावती नसते. पाकिटावरचे नाव खरे की खोटे, आत काय आहे, कोणी सांगत नाही. महाराष्ट्राच्या २००९ च्या कापूस बियाणे कायद्यात नुकसानभरपाईची तरतूद आहे. पण पावतीच नाही तर तक्रार कोणावर करणार? फाईल दिल्लीत अडकते आणि फसवला जातो तो यवतमाळ-परभणीचा कोरडवाहू शेतकरी.

फाईल उघडता येत नाही असे नाही. बीटी वांग्याच्या चाचण्यांचे कागद माहितीच्या अधिकारात झगडल्यावर २००८ साली बाहेर आले. २०१० साली मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यांत आपले नागपूरही होते. ९ फेब्रुवारीला त्यांनी वांग्याला स्थगिती दिली. आपल्यातल्या पुष्कळांना तो निर्णय मुळीच पटला नाही. पण कारणे लेखी होती, म्हणून त्यांच्याशी भांडता आले. न दिलेल्या कारणाशी भांडायचे कसे?

२०१६ साली मोहरीच्या वेळी पुन्हा पाऊल मागे पडले. अहवालाचा सारांश लोकांसमोर ठेवला. पूर्ण कागद वाचायचे तर दिल्लीला मंत्रालयात या, असे सांगितले. एसटी आणि रेल्वेचे तिकीट काढून फाईल वाचायला जाणारा शेतकरी कोणी पाहिला आहे काय?

कंपनीचे गुपित फुटेल, अशी ओरड होते. जनुक कसे घातले हे गुपित कंपनीने खुशाल जपावे. जनावराने सरकी खाल्ली तर काय होते, मातीत काय उरते, कोरडवाहू रानात उतारा किती येतो, हे गुपित नाही. तो आमचा व्यवहार आहे. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदाही हेच सांगतो: लोकहित मोठे असेल तर व्यापारी गुपिताची सबब चालत नाही. त्याच कायद्याचे चौथे कलम सांगते की ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणे द्या, आणि माहिती प्रसिद्ध करताना स्थानिक भाषेचा विचार करा.

या बियाण्याबद्दल आपल्यात दोन मते आहेत. काहींना ते उद्याच हवे, काहींना भीती वाटते. दोघांनीही या मागणीवर हात वर करावा, कारण कागद दोघांनाही हवेत. परमिट कमी करा ही आपली जुनी मागणी कायम आहे. पण जे परमिट राहील ते उजेडात राहिले पाहिजे.

म्हणून जिल्हा मेळाव्यात हा ठराव मांडत आहोत:

१. प्रत्येक अर्ज कोणी केला, कधी केला, आज कोणत्या टेबलावर आहे, याची यादी मराठीत तालुका कृषी कार्यालयाच्या फलकावर लागावी.

२. चाचण्यांचे पूर्ण अहवाल निर्णयाआधी खुले व्हावेत आणि कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांत सुनावणी व्हावी.

३. निर्णयाला मुदत असावी. हो म्हणा वा नाही म्हणा, कारण लेखी द्या.

४. परवानगीनंतरही फाईल मिटू नये. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाची बोंडे पोखरली. कीड बियाण्याला दाद देईनाशी झाली, तर ते दरसाल पेरणीआधी सांगावे.

ठराव करून घरी जायचे नाही. माहितीच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. प्रत्येक तालुक्यातून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला एक अर्ज गेला पाहिजे: कापसाचे कोणते अर्ज पडून आहेत, आणि का? उत्तर येवो न येवो, पुढच्या बैठकीला अर्जाची पोच घेऊन या.