मातीचा मोर्चा आणि राणीचे नाव

इंग्लंडात ट्रेंट नदीच्या काठी न्यूअर्क नावाचे गाव आहे. तेथील एका सार्वजनिक बागेत गवताने झाकलेला एक मातीचा कोट आहे. चार कोपऱ्यांना भाल्याच्या टोकासारखे पुढे आलेले चार बुरूज आणि भोवती रुंद खंदक. चार्ल्स राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवीत राजपक्षाने तो उभारला आणि हेन्रिएटा मराया राणीचे नाव त्याला पडले.

इतके दगडी किल्ले असताना माती कशाला, असे कोणी विचारील. दगडी तट तोफेच्या गोळ्याने तडकतो. माती तोच गोळा पोटात घेते. पुन्हा, बुरूज पुढे काढल्याने शेजारच्या तटाच्या पायथ्याशी आलेल्या शत्रूला आडोसा उरत नाही. इंदूरकरांना हे फार समजावून सांगायला नको. १८०५ साली यशवंतराव होळकर भरतपुरात होते तेव्हा लॉर्ड लेकचे चार हल्ले वाया गेले, ते अशाच मातीच्या तटापुढे.

न्यूअर्कला तीन वेढे पडले, पण गाव लढाईत हरले नाही. मे १६४६ मध्ये राजाच स्कॉट सैन्याच्या स्वाधीन झाला आणि गाव सोडून देण्याचा हुकूमही त्याचाच. पुढे तटबंदी पाडण्याचे फर्मान निघाले. पण गावात प्लेग होता, काम अर्धवट राहिले. राजाच्या नावाचा जोडीचा मोर्चा एकोणिसाव्या शतकात नाहीसा झाला, राणीचा तेवढा उरला.

माझी तक्रार या नावाबद्दल आहे. राणीने काही मातीची टोपली उचलली नव्हती. आमचे वडील दरबारी गवई. त्या मैफलींची आठवण आजही महाराजांच्या नावाने निघते. मागे तंबोरा धरून बसलेल्याचे नाव कोणी विचारीत नाही. न्यूअर्कात २०१५ साली या यादवीचे संग्रहालय उघडले. अशा संग्रहालयात तलवारी आणि शिरस्त्राणे पाहायला गर्दी होणारच. मला विचाराल तर त्या वेढ्यांतले खरे हत्यार कुदळ.

मात्र दगडी पायऱ्या चढवून अशा कोटाला नटवू नये, असे मला वाटते. मातीला धरून ठेवते ते गवत. ते पायदळी उखडले की पहिल्या पावसातच उतार वाहू लागतो. पोरांनी तेथे खुशाल खेळावे, पण चढायला वाट एकच असावी.