तीन वादक आणि एक प्रश्न

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता, 'कलावंताच्या वर्तनाचा त्याच्या कलेशी संबंध नाही.' मी विषयाच्या बाजूने बोलले. "कमळ चिखलात उगवते म्हणून आपण कमळाला नावे ठेवतो का?" या वाक्याला टाळ्या पडल्या आणि मला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले. स्पर्धा संपल्यावर आमच्या एका सरांनी मला बाजूला बोलावून विचारले, "कोर्तो, तिबो, कासाल्स ही नावे ऐकली आहेस का?"

ऐकली नव्हती. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. पाश्चात्त्य वाद्ये म्हटली की लग्नाच्या वरातीतला बँड एवढेच माझे ज्ञान. सरांनी जुनी ध्वनिमुद्रणे ऐकवली, वाचायला दोन पुस्तके दिली. त्यानंतर माझ्या भाषणातले ते कमळ पार कोमेजून गेले. हा लेख म्हणजे त्या भाषणाची दुरुस्ती आहे.

पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तीन वाद्यांच्या मेळाला 'पियानो ट्रायो' म्हणतात. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. वादक खुर्चीवर बसून तो गुडघ्यांमध्ये धरतो आणि गजाने वाजवतो. आपल्याकडच्या मैफलीत एक मुख्य कलावंत असतो आणि बाकीचे साथ करतात. येथे तसे नाही. हायडनच्या काळात चेलो बहुधा पियानोच्या डाव्या हाताच्या मागून चालत असे. बीथोव्हेनने त्याला स्वतःचे बोलणे दिले. त्याची 'आर्चड्यूक' नावाने प्रसिद्ध असलेली रचना 1811 ची. ती 1814 मध्ये प्रथम जाहीरपणे वाजवली गेली तेव्हा पियानोवर स्वतः बीथोव्हेन होता, आणि त्याचे कान जवळजवळ गेलेले होते. अशा रचनेत तिघेही बरोबरीचे असतात. समोर हातवारे करणारा संचालक नसतो. दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय स्वतःचे वाजवताच येत नाही.

1905-06 च्या सुमारास पॅरिसमध्ये असे तीन तरुण एकत्र आले. तिघेही तिशीच्या आतले होते. आल्फ्रेड कोर्तो पियानोवर, झाक तिबो व्हायोलिनवर आणि स्पेनमधील कातालोनियाचा पाब्लो कासाल्स चेलोवर.

कासाल्सचे वडील गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. संगीतावर पोट भरत नाही हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते, म्हणून मुलाला सुताराच्या हाताखाली घालावे असे त्यांच्या मनात होते. आई मात्र हट्टाने मुलाला बार्सिलोनाला शिकायला घेऊन गेली. तेथे शिकता शिकता तो एका कॅफेत वाजवून पैसे मिळवी. वयाच्या तेराव्या वर्षी त्याला जुन्या स्वरलिप्यांच्या दुकानात बाखच्या चेलोसाठी लिहिलेल्या सहा रचना सापडल्या. लोक त्या केवळ सरावाच्या समजत. त्याने त्या कित्येक वर्षे घोटल्या आणि मगच जगापुढे आणल्या. हे वाचताना मला माझी आई आठवली. "पोरीला शिकवून काय करायचंय?" असे म्हणणाऱ्यांना तिने दिलेले उत्तरही आठवले.

तिबो बोर्दोचा. तोही पॅरिसच्या एका कॅफेत वाजवीत असताना नावाजलेल्या संचालकाच्या नजरेस पडला आणि पुढे आला. कोर्तोचा पिंड विद्वानाचा. त्याने तरुणपणी वाग्नरची संगीतनाट्ये पॅरिसमध्ये उभी केली, 1919 मध्ये स्वतःची संगीतशाळा काढली, शोपँच्या रचना कशा वाजवाव्यात यावर टिपणांसह आवृत्त्या सिद्ध केल्या. दिनू लिपाती आणि क्लारा हास्किल यांच्यासारखे पियानोवादक त्याच्या हाताखालून गेले.

तिघांचेही स्वतंत्र दौरे चालू असत. त्यातून वर्षातले थोडे दिवस काढून ते एकत्र वाजवीत. असे पाव शतकाहून अधिक काळ चालले. 1926 मध्ये त्यांनी शूबर्टची आणि 1928 मध्ये 'आर्चड्यूक'ची तबकडी काढली. 1929 मध्ये बार्सिलोनात ब्राह्म्सची एक मोठी रचना ध्वनिमुद्रित झाली. त्यात तिबो आणि कासाल्स वादक, कोर्तो संचालक आणि वाद्यवृंद कासाल्सने उभा केलेला. या तबकड्यांत खरखर आहे, पण त्या खरखरीतूनही तीन मित्र एकमेकांचे ऐकत आहेत हे माझ्यासारख्या अडाणी श्रोत्यालाही कळते.

मग काळ फिरला. कासाल्सने बार्सिलोनात कामगारांसाठी संगीतसंस्था काढली होती. तुटपुंज्या मजुरीवरच्या माणसांना अगदी थोड्या वर्गणीत रविवारी सकाळी वाद्यवृंद ऐकायला मिळे. हिटलर सत्तेवर आल्यावर त्याने जर्मनीत वाजवायचे नाकारले. 1936 मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली. फ्रँको जिंकला तेव्हा कासाल्स सीमा ओलांडून फ्रान्समधल्या प्राद या लहानशा गावी राहिला आणि छावण्यांतल्या निर्वासितांसाठी मदत गोळा करीत राहिला. महायुद्ध संपल्यावरही फ्रँकोची राजवट टिकली. तिला मान्यता देणाऱ्या देशांत आपण वाजवणार नाही, असे म्हणून जगातल्या पहिल्या प्रतीच्या त्या चेलोवादकाने आपला गज खाली ठेवला. 1950 मध्ये बाखच्या द्विशत पुण्यतिथीनिमित्त तो वाजवायला बसला तोही प्रादमध्येच. जगभरचे वादक त्याच्याकडे आले, तो गेला नाही.

आणि कोर्तो? 1940 मध्ये जर्मनीने फ्रान्स पादाक्रांत केले. मार्शल पेताँचे व्हिशी सरकार आले आणि त्याच वर्षी त्याने ज्यूंविरुद्ध कायदे केले. कोर्तोने त्या सरकारात संगीतविषयक अधिकाराची जागा स्वीकारली. 1942 मध्ये तो जर्मनीत जाऊन वाजवून आला. त्याची पत्नी क्लोतिल्द ज्यू कुटुंबात जन्मलेली होती. (गांधीजींवर पुस्तक लिहिणाऱ्या रोमाँ रोलाँची ती पूर्वीची पत्नी.) म्हणजे काय चालले आहे हे त्याला कळत नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. युद्धानंतर त्याच्यावर वर्षभराची वादनबंदी आली. 1947 मध्ये पॅरिसमध्ये तो परत रंगमंचावर आला तेव्हा वाद्यवृंदाने त्याला साथ द्यायचे नाकारले.

तिबोला या कथेचा शेवट पाहायला मिळाला नाही. 1 सप्टेंबर 1953 रोजी पूर्वेकडच्या दौऱ्यावर निघाला असता त्याचे विमान आल्प्सच्या डोंगरावर आदळले. त्याच्याबरोबर त्याचे स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिनही गेले.

कोर्तो कासाल्सला भेटायला प्रादला गेला, आपण चुकलो हे त्याने कबूल केले आणि क्षमा मागितली. कासाल्सने हात पुढे केला. 1958 च्या उन्हाळ्यात ऐंशी वर्षांचा कोर्तो आणि एक्याऐंशीचा कासाल्स प्रादच्या महोत्सवात बीथोव्हेन वाजवायला एकत्र बसले. तिसरी खुर्ची नव्हती. कोर्तोच्या अखेरच्या जाहीर वादनांपैकी ते एक. 1962 मध्ये तो वारला. कासाल्स 1973 मध्ये गेला, तोवर फ्रँको सत्तेवरच होता.

आता माझा प्रश्न. आपल्याला लहानपणापासून सांगतात की शिक्षणाने माणूस सुधारतो, कलेने सुसंस्कृत होतो. आमच्यासारख्या घरांत तर या वाक्यावरच मुलांना शाळेत घालतात. पण या तिघांत ग्रंथ, अध्यापन, व्यासंग यांत कोर्तो कोणालाही हार जाणारा नव्हता. वर्षानुवर्षे तो दुसऱ्याचे ऐकून वाजवत होता. तरी शेजारच्या घरातून माणसे नेली जात असताना त्याचे कान उपयोगी पडले नाहीत. म्हणजे कला आपोआप कोणाला चांगले करीत नाही. ती ऐकण्याची सवय लावते. त्या सवयीचा मैफलीबाहेर उपयोग करायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवायचे असते आणि ते एकदाच ठरवून भागत नाही.

मग कोर्तोच्या तबकड्या फोडून टाकायच्या का? मला तसे वाटत नाही. त्यात कासाल्स आहे, तिबो आहे, आणि कोर्तोचा सूरही खोटा नाही. पण 'सूर खरा, मग बाकीचे विचारू नका' हेही मला आता म्हणवत नाही.

या बाबतीत माझ्या वडिलांनी मला सरांइतकेच शिकवले. ते चौथी शिकलेले. गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवतात. मंडळातल्या पेटीवाल्याने एका विधवेच्या बांधाच्या भांडणात तिच्याविरुद्ध खोटी साक्ष दिली. तेव्हापासून तो पेटीवर बसला की वडील मृदंग खाली ठेवतात. मी त्यांना प्रादची हकिकत सांगितली आणि म्हटले, "आण्णा, त्या माणसानं मित्राला माफ केलं. तुम्हीही करा की." ते म्हणाले, "पोरी, त्याची पेटी गोडच आहे. पण माफ मी कोण करणार? शेत माझं गेलं नाही. त्यानं तिच्या दारात जावं."

या उत्तराने मी गप्प झाले. कासाल्स मित्राने दिलेल्या दुःखाची क्षमा करू शकत होता आणि त्याने ती मोठ्या मनाने केली. पण जे छावण्यांतून परतलेच नाहीत त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार त्यालाही नव्हता. मग तो अधिकार केवळ तबकडी ऐकणाऱ्या आपल्याला कोठून येणार? आपण तर क्षमा करीत नाही, नुसते विसरतो आणि त्या विसरण्याला रसिकता म्हणतो.

यंदा तोच विषय पुन्हा आला तर मी विरुद्ध बाजूने बोलेन. बक्षीस मिळेल असे वाटत नाही. टाळ्या मिळवणारे वाक्य मला अजून सापडलेले नाही.

— द्वितीय वर्ष, कला