घुमते लय!

आर्वीतल्या मित्राने नवे स्पीकर ऐकवायला बोलावलं आणि गाण्याआधीच ‘वॉर्म’, ‘ट्रान्सपरंट’, ‘फास्ट बेस’ हे शब्द कानावर घातले. तुकडोजी महाराजांच्या वळणाची खंजिरी वाजवण्यात हयात गेलेले त्याचे वडील कोपऱ्यातून एवढंच म्हणाले, ‘‘घुमते लय. भिंतीपासून सरकव ना बाप्पा!’’ सरकवला, तसे गाणाऱ्याचे शब्द सुटे झाले. भिंतीलगत, त्यातही कोपऱ्यात, स्पीकरचा खर्ज फुगतो. सेवाग्रामच्या उघड्या प्रार्थनाभूमीवर भिंतच नाही, तर घुमणार काय? ‘घुमते’ला असं कारण असतं, म्हणून मित्राची परिभाषाही मला सरसकट थोतांड वाटत नाही. ‘वॉर्म’ म्हणजे बहुधा १०० ते ३०० हर्ट्‌झच्या पट्ट्यात जरा उठाव. ‘स’, ‘श’ टोचायला लागले तर ५ ते ८ हजारांच्या आसपास बघावं. आपली ‘जवारी’ तशीच. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला की आवाज उघडतो. शब्दामागे हाताला काहीतरी करता येतं. ‘फास्ट बेस’चा अर्थ फार तर इतका, की ठोका संपल्यावर खर्ज रेंगाळत नाही. लय तर गाणाऱ्याची, खोक्याची नव्हे. मग मित्राने मनगटाएवढी जाड वायर काढली. हिच्यामुळे गाण्यात ‘भाव’ येतो म्हणाला. मी चहा मागितला. वडील तोवर दुसरा स्पीकर सरकवत होते.