अभिजात म्हणजे चालते

इंग्लंडात जून महिन्यात सूर्य नऊनंतर मावळतो. त्या लांबलेल्या संध्याकाळी कामावरून परतलेली मोटारसायकल क्लबांची मंडळी जथ्याने निघतात आणि एखाद्या पबच्या वा कॅफेच्या अंगणात जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या मेळाव्याला जाऊन मिळतात. ट्रायम्फ, नॉर्टन, बीएसए, क्वचित एखादी व्हिन्सेंट. चहा होतो, एकमेकांची इंजिने न्याहाळली जातात. अंधारापूर्वी परतायची घाई असते, कारण जुन्या दिव्यांवर मालकांचाही भरवसा नसतो. अशा गोष्टी 'स्मरणरंजन' म्हणून निकालात काढण्याची आपल्या समीक्षेला सवय आहे. आम्हांला ते मान्य नाही.

ज्या गाड्यांना आज तेथे 'क्लासिक' म्हणतात, त्यांच्यावर स्वार होणाऱ्या पोरांकडे एके काळी समाज काय नजरेने पाहत होता? लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरचा एस कॅफे १९३८ साली निघाला. पुढे तो 'रॉकर' म्हणवणाऱ्या कामगारवर्गीय तरुणांचा अड्डा झाला. नॉर्टनच्या सांगाड्यात ट्रायम्फचे इंजिन बसवून ही मुले 'ट्रायटन' नावाची संकरित गाडी तयार करीत. १९६४ साली समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांत मॉड आणि रॉकर यांच्या मारामाऱ्या झाल्या, तेव्हा वृत्तपत्रांनी जणू राष्ट्रच बुडाले असा गदारोळ केला. स्टॅन्ली कोहेन यांचा १९७२ चा समाजशास्त्रीय ग्रंथ याच गदारोळाची चिकित्सा करतो. कॅफे १९६९ मध्ये बंद पडला, २००१ मध्ये नव्याने उघडला, आणि आता तो वारसा आहे! भय संपल्यावर आदर सुरू होतो. तमाशाच्या बाबतीत आपण वेगळे काय केले?

या मेळाव्यांचे मोल मात्र आम्हांला दुसऱ्याच गोष्टीत दिसते. गाडी टेम्पोत घालून आणायची नसते, चालवत आणायची असते. उजव्या पायाचा गिअर (आपल्याकडच्या जुन्या बुलेटस्वारांना तो ठाऊक आहे), किक मारण्याची लकब, व्हिटवर्थ मापाचे वेगळे पाने, इंजिनाखाली हमखास पडणारा तेलाचा डाग : हे ज्ञान पुस्तकात मावत नाही, ते पायात आणि मनगटात असते. बर्मिंगहॅमजवळच्या राष्ट्रीय मोटारसायकल संग्रहालयाला २००३ साली आग लागली, शेकडो गाड्या जळाल्या. त्यांतल्या कितीतरी पुन्हा उभ्या करता आल्या, कारण ते काम जाणणारे हात शिल्लक होते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदच आहे. पण लीळाचरित्र अभ्यासक्रमात असते आणि विद्यार्थी मार्गदर्शिका वाचून उत्तीर्ण होतो, तेव्हा ती गाडी काचेमागेच उभी असते. महानुभावीय गद्याची ती तुटक, बोलती वाक्ये मोठ्याने वाचावी लागतात, अडखळावे लागते, अनोळखी शब्दापाशी थांबून पुन्हा किक मारावी लागते. वर्गात हे करायला वेळ लागतो, आणि तो वेळ वेळापत्रकात कोठेच नसतो. दर्जाबरोबर येणारा निधी इमारतींवर आणि परिसंवादांवर खर्च होणार असेल, तर आमचे म्हणणे एवढेच की त्यातला काही भाग अशा वाचनाच्या तासांना मिळावा.

आक्षेप आहेच. मेळाव्यात पिकलेली डोकी फार. व्हिन्सेंटची किंमत आज अशी की कारखान्यातल्या पोराने तिचे स्वप्नही पाहू नये. ज्या वर्गाने या गाड्या गाजवल्या, तोच त्यांना पारखा झाला आहे. शिवाय तो धंदाही आता तेथला राहिलेला नाही : रॉयल एनफिल्डचे रेडिचचे पर्व संपूनही मद्रासची बुलेट चालूच राहिली, नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएसने घेतली, आणि ट्रायम्फची चारशे सीसीची गाडी २०२३ पासून आपल्या चाकणला बनते. ती बनवणाऱ्या कामगारांच्या मुलांना उद्या कोणी क्लासिकच्या मेळाव्याला बोलावील का, आणि त्यांच्यापैकी कोणी त्यावर मराठीत लिहील का, याची आम्हांला उत्सुकता आहे.